इंटरवलपर्यंतचा माणूस

सिनेमा सांगणारी माणसं गावोगाव असतात. कुणी स्टोरी सांगतं, कुणी डायलॉग मारतं, कुणी हिरोची हाणामारी ऐकणाऱ्याच्याच अंगावर करून दाखवतं आणि त्याच्या शर्टाचं बटण तुटलं की ‘सॉरी भो’ म्हणून मोकळं होतं. जालन्यातले आमचे बॅटरीमामा यांपैकी कुणातच बसत नाहीत. ते फक्त इंटरवलपर्यंतचा पिक्चर सांगतात. पुढं काय झालं असं विचारलं तर म्हणतात, “ते आपल्या ड्यूटीत येत न्हाई.”

मामा एका टॉकीजमध्ये डोअरकीपर होते. टॉकीजचं नाव सांगत नाही, कारण तिथं आता मंगल कार्यालय आहे आणि मालक तेच आहेत. १ मे १९८१ ला जालना जिल्हा औरंगाबादेतून वेगळा निघाला. त्याच्या थोडं आधी मामा घनसावंगीकडच्या आपल्या खेड्यातून वेगळे निघाले आणि टॉकीजच्या दारात येऊन उभे राहिले. खेळ सुरू होण्याआधी तिकिटं फाडायची, अंधार झाला की तीन सेलची बॅटरी पायाशी मारत उशिरा आलेल्यांना सीटवर नेऊन बसवायचं, ‘पाय आत घ्या’ म्हणायचं आणि मग दाराशी स्टुलावर टेकायचं, हे त्यांचं काम. इंटरवलला ड्यूटी बदलायची. मालकांचा हिशेब सरळ होता. इंटरवलनंतर नवीन माणूस येत नाही, आलेला मात्र लवकर सटकतो आणि जाताना दुसऱ्याची सायकल नेतो. तेव्हा घंटा झाली की डोअरकीपर सायकल स्टँडवर.

असं दिवसाला चार खेळ, वर्षानुवर्षं. मामांनी प्रत्येक पिक्चरचा पहिला अर्धा भाग इतक्या वेळा पाहिलाय, की दिग्दर्शकानंही पाहिला नसेल. दुसरा अर्धा भाग त्यांनी भिंतीपलीकडून ऐकलाय. गब्बरचं शेवटी काय झालं हे त्यांना सायकल घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकांकडून कळलं, आणि त्या गिऱ्हाइकांमध्ये एकमत नव्हतं.

अशा माणसाला सगळ्यात मानवणारा पिक्चर म्हणजे सुपरहिरोचा पहिला भाग. त्यात इंटरवलपर्यंत हिरो तुमच्याआमच्यातला असतो. त्याला ठेच लागते, उधारी असते, शेजारची पोरगी बघत नाही. मग तो पोशाख चढवतो, उडतो आणि त्याच मुहूर्ताला मामा सायकल स्टँडवर जातात. उडून तो पुढं काय करतो यात त्यांना आजतागायत रस नाही. “पुढं काय, नुसती फोडाफोडी. बिल्डिंगा पाडायच्या. जेसीबीबी पाडतो की.”

इतक्या वर्षांच्या निरीक्षणातून मामांनी एक सिद्धांत काढलाय, आणि तो ऐकल्याशिवाय ते कुणाला चहा देत नाहीत. “हिरो जलमत न्हाई. कुठंतरी दारात चुकी व्हती, तव्हा हिरो तयार व्हतो.”

पहिला पुरावा बॅटमॅनचा. ‘बॅटमॅन बिगिन्स’ २००५ चा, नोलनसाहेबांचा. भाषेची अडचण मामांना कधी आली नाही. माणसाला सीटवर नेऊन बसवायला भाषा लागत नाही, तशी उठवायलाही लागत नाही.

“आई, बाप आन् लेकरू ऑपेरा बघाया गेलते. स्टेजवर वटवाघळाची सोंगं आली, लेकरू भ्यालं. म्हनलं, बाबा, चला. बाप भला माणूस, उठला. आता इथं ध्यान दे.” इथं मामा खिशातून बॅटरी काढतात. ती अजून त्यांच्या खिशात असते, आणि महत्त्वाच्या जागी ती भर उन्हातही लागते. “खेळ चालू हाय. फॅमिली हाय. बाईच्या गळ्यात मोत्याची माळ हाय. आन् त्यांना सोडलं कुठून? बाजूच्या दारानं! गल्लीत! अंधारात! डोअरकीपर कुठं व्हता?”

आपण गप्प राहायचं असतं.

“बिडी प्यायला गेलता. पुढच्या समद्या बॅटमॅनचा खर्च त्या एका बिडीवर निघाला.”

एकदा मी त्यांना सांगितलं, की १९३९ सालच्या मूळ चित्रकथेत ते कुटुंब ऑपेरा नव्हे, सिनेमा पाहूनच घरी चाललेलं असतं. मामा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, “टॉकीजचा काय दोष न्हाई. ते रस्त्यानं चालले व्हते ना? मंग ती पोलीस खात्याची हद्द झाली.”

त्याच पिक्चरमध्ये आधी विहिरीचा सीन आहे. छोटा ब्रूस खेळताखेळता जुन्या विहिरीत पडतो आणि आतून वटवाघळांचा लोंढा उठतो. विहिरीला दार कुठं असतं, अशी शंका एका मास्तरांनी काढली होती. मामांनी ती उडवून लावली. “तोंडावर फळ्या टाकल्या व्हत्या. सडक्या. दारच ते. आडवं घातलेलं.” वटवाघळांबद्दल मात्र त्यांना दिग्दर्शकाची थोडी कीव येते. घनसावंगी-अंबडकडच्या विहिरींत पारवे असतात. कपारीत घरटी करतात आणि मोटर चालू केली की फडफडत वर येतात. “मपल्या गावात पडला आसता तर पारवामॅन झाला आसता. वळचणीला बसून घुमला आसता नुसता.”

पण त्यापुढं मामा चेष्टा करत नाहीत. लेकरू खाली पडलंय आणि बाप दोर बांधून आत उतरतो. विहिरीत उतरणारा बाप जालना जिल्ह्यात पडद्यावर बघायला लागत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकर गल्लीच्या तोंडाशी येत होते आणि विहिरींचा गाळ काढायला, तळ आणखी खोल करायला माणसं एप्रिलच्या उन्हात खाली जात होती. “येवढा मोठा शेठ,” मामा म्हणतात, “वर नोकर हुभा हाय, तरी सोता उतरला. सालगड्याला न्हाई उतरवलं.” या सीनवर त्यांनी स्टुलावरून उठून उभं राहण्याचा नेम ठेवला होता. मागच्या रांगेतल्यांना पडदा दिसेना म्हणून तक्रारी आल्या, मालकांनी समज दिली, पण नेम मोडला नाही.

स्पायडरमॅन हा त्यांचा दुसरा पुरावा, आणि तो ऐकायला बियाण्यांच्या धंद्यातली माणसंही थांबतात. २००२ च्या त्या पिक्चरमध्ये शाळेची पोरं प्रयोगशाळा बघायला जातात. काचेच्या पेट्यांत जीन बदलून तयार केलेले कोळी आहेत. माहिती सांगणाऱ्या बाई म्हणतात पंधरा. पोरगी मोजते आणि म्हणते, चौदाच आहेत. बाई म्हणतात, असेल कुठं संशोधनाला नेलेला.

“पंधरा तिकिटं, चौदा माणसं!” मामांचा आवाज चढतो. “आन् बाई म्हंती आसंल कुठंतरी. आमच्याकडं आसं झालं आसतं तर मालकानं बाल्कनी रिकामी करून मोजली आसती. एक विदाऊट तिकीट फिरतोय, आन् तुमी खुशाल वर्ग पुढं नेता?”

विदाऊट तिकीट फिरणारा तो कोळी चावतो आणि पोरगा भिंतीवर चढायला लागतो. आता योगायोग असा, की मूळ चित्रकथेतला १९६२ चा कोळी किरणोत्सर्गी होता. या २००२ च्या पिक्चरमध्ये तो जीन बदललेला आहे. आणि त्याच वर्षी मार्च महिन्यात आपल्या सरकारनं जीन बदललेल्या कपाशीला, म्हणजे बीटीला, लागवडीची पहिली परवानगी दिली. ते वाण होते जालन्याच्या महिकोचे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथं सुरू केलेली ही कंपनी, आणि १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळालेला. त्यामुळं ‘जीन बदलणे’ म्हणजे काय हे न्यूयॉर्कच्या प्रेक्षकाला पिक्चरमध्ये समजावून सांगावं लागलं असेल, जालन्याच्या स्टॉलमधल्या प्रेक्षकाला ते सरकीच्या पाकिटावरून माहीत होतं. मामांच्या भावानं त्या दिवसांत बीटी लावली आणि मामा रोज त्याला विचारायचे, हाताला काही चिकटतं का. भाऊ म्हणायचा, चिकटतं, पण पैसा सोडून.

मात्र मामांच्या लेखी स्पायडरमॅनचा खरा सीन कोळ्याचा नाहीच. तो कुस्तीनंतरचा आहे. पोरगा कुस्ती जिंकतो, ठरलेले पैसे द्यायला आयोजक नकार देतो, शंभरावर बोळवण करतो. तेवढ्यात एक चोर येऊन त्याच आयोजकाला लुटतो आणि लिफ्टकडं पळत सुटतो. मध्ये पोरगा उभा असतो. तो बाजूला सरकतो. चोर लिफ्टमध्ये शिरतो, दार बंद होतं. मग तोच चोर पोराच्या काकाचा जीव घेतो.

हा सीन मामा सांगत नाहीत, करतात. आधी चोर होऊन पळतात, मग पोरगा होऊन उभे राहतात, मग हळूच एक पाऊल बाजूला सरतात आणि तसेच राहतात. “बघितलं? येवढंच केलं त्यानं. येक पाऊल. दारात हुभ्या माणसानं सरकायचं नसतं, बाप्पा. पैशे बुडाले, राग आला, समदं खरं. मालकानं मपलाबी पगार तटवला व्हता. मी सरकलो का?”

खरं सांगायचं तर या पिक्चरवर मोठमोठ्या समीक्षकांनी जे लिहिलंय ते मी थोडंफार वाचलंय. ताकद आणि जबाबदारी यांच्यावरचं काकाचं ते सुप्रसिद्ध वाक्य घेऊन सगळे पानंच्या पानं भरतात. त्या एका पावलाकडं मामांइतकं टक लावून पाहणारा मला भेटला नाही. काकाचं वाक्य लेखकानं लिहिलेलं कळतं. पाऊल मात्र कुणाचंही असू शकतं.

सुपरमॅनचं प्रकरण मामा जरा भरभर आटोपतात. क्रिस्टोफर रीव्हचा १९७८ चा पिक्चर कधीतरी मॅटिनीला लागून गेला. ग्रह फुटणार म्हणून बाप पंचांना बजावतो, पंच ऐकत नाहीत, शेवटी यानात एकच सीट आणि तिच्यावर लेकरू. “हाऊसफुल्ल,” मामा म्हणतात. “पर फॅमिलीची सीट तोडायची नसती.” पुढं पृथ्वीवरचा पाळणारा बाप घराच्या अंगणात छातीला हात लावून कोसळतो. ट्रक उचलणाऱ्या पोराला ते काळीज काही उचलता येत नाही. मामांना तो बाप मान्य आहे. २०१३ चा ‘मॅन ऑफ स्टील’ त्यांनी भाच्याच्या मोबाइलवर पाहिला, त्यातला बाप मात्र अजिबात मान्य नाही. तो चक्रीवादळात कुत्र्याला सोडवायला जातो आणि मदतीला निघालेल्या पोराला हातानंच ‘येऊ नको’ म्हणतो. का, तर पोराची ताकद लोकांना दिसायला नको. “लोकाला दिसंल म्हणून बाप मरू द्यायचा? आन् नाव काय, पोलादी माणूस! आमच्या एमआयडीसीत ये म्हणावं. लालभडक सळई सांडशीनं वढणारी पोरं हायेत तिथं, समद्यायला दिसत्यात, कोण बघत न्हाई.”

ते खरंच आहे. जालन्याच्या भट्ट्यांमध्ये जगभरचं भंगार वितळतं आणि घरांच्या सळया होऊन बाहेर पडतं. म्हणूनच २००८ चा आयर्नमॅन इथं कुणालाच चमत्कार वाटला नाही. गुहेत कोंडलेला माणूस भंगारातून चिलखत बनवतो, एवढंच ना. आमच्याकडच्या एका भंगारवाल्यानं इंटरवललाच त्या चिलखताचं वजन अंदाजे काढून भाव सांगितला होता. ‘कोई मिल गया’मधल्या परग्रहावरच्या जादूचंही तसंच. त्याला ताकदीसाठी ऊन लागतं. मे महिन्यात जालन्यात उतरला असता तर ताकद जास्त होऊन फुटला असता.

टॉकीज बंद पडल्यावर मामांचं पिक्चर बघणं मोबाइलवर आलं, पण शिस्त गेली नाही. २०२१ च्या डिसेंबरात आलेला मल्याळम ‘मिन्नल मुरली’ भाच्यानं लावून दिला. गावातला शिंपी, अंगावर वीज पडते, आणि तो सुपरहिरो होतो. मामांनी निम्मा पाहिला, मोबाइल भाच्याच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन त्याच्या मोटरसायकलपाशी उभे राहिले. सवय. कथेबद्दल मात्र त्यांची रीतसर हरकत आहे. मराठवाड्यात मृगाच्या आधी वीज पडते ती बैलावर पडते, झाडाखाली थांबलेल्या बाईमाणसावर पडते. तलाठी येतो, पंचनामा होतो, माणूस गेला तर चार लाख मिळतात. “आन् समजा वाचला आन् उडाया लागला, तर पंचनाम्यात काय लिहायचं? तलाठी म्हणंल, आधी खाली ये, अंगठा दे.”

मालेगावच्या सुपरमॅनबद्दल मात्र ते हळवे आहेत. मनमाडला उतरून गेलं की मालेगाव, म्हणजे आपल्याच लाइनीवरचं म्हणायचं. तिथं शेख नासिर यांनी हौसेच्या पैशात सुपरमॅन काढला, यंत्रमागावर काम करणारा काडीसारखा शफीक त्यात उडाला, आणि फैजा अहमद खान यांनी त्या सगळ्या खटाटोपावर २००८ मध्ये माहितीपट केला. पुढं २०२५ मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ थिएटरात आला. मामांनी दोन्ही निम्मे निम्मे पाहिलेत. त्यांचं मत, एवढा एकच सुपरमॅन खरा. बाकीच्यांना कपडे घातल्यावर ताकद येते, याला पँट सावरत उडावं लागतं.

पण हे सगळे पिक्चर नक्कल आहेत, असं मामा शेवटी सांगतातच. अस्सल आमच्या तालुक्यात झालेला आहे. घनसावंगी तालुक्यातलं जांब. सन १६०८, रामनवमी. ठोसरांच्या घरात नारायण, म्हणजे पुढचे समर्थ रामदास, जन्मतो. वडील लवकर जातात. पोरगं एकदा अंधाऱ्या खोलीत लपून बसतं आणि आईनं विचारल्यावर सांगतं, की जगाची काळजी करत होतो. “अंधारी खोली! बाप न्हाई! काळजी जगाची!” मामा एकेक बोट दुमडून दाखवतात. “आता सांग, बॅटमॅननं कुठून उचललं?” मग बारा वर्षांचा नारायण बोहल्यावर उभा राहतो, भटजी ‘सावधान’ म्हणतात आणि पोरगं सावध होऊन मांडवातून पळून जातं, अशी परंपरा सांगते. पुढं नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षं तप. “बॅटमॅन घर सोडून सातच वर्षं व्हता,” हा शेरा मामा विसरत नाहीत.

एका कीर्तनकार महाराजांना हे रुचलं नाही. समर्थांना तुम्ही पिक्चरच्या पंगतीला बसवता, म्हणाले. मामांनी हात जोडले. “महाराज, मी त्यायला कुठं बसवतो? मी आपला बाकीच्यायला त्यांच्या मागच्या सीटवर नेऊन बसवतो. कामच ते मपलं.”

मग समर्थांचं पुढं काय झालं, चाफळचं मंदिर, अकरा मारुती, शिवथरघळ? मामा खांदे उडवतात. “ते साताऱ्याकडचं. इंटरवलनंतरचं. जांबला पह्यला भागच झाला.”

हे ऐकल्यापासून मला हा जिल्हाच वेगळा दिसायला लागलाय. बियाणं इथं तयार होतं आणि पीक गुंटूरपासून गुजरातपर्यंत डोलतं. सळई इथं निघते आणि टॉवर मुंबईत उभा राहतो. मोसंबी इथं लगडते आणि रस दिल्लीत निघतो. ‘जालना सोने का पालना’ असं जुने लोक अभिमानानं म्हणतात. पाळण्यातलं पोर मोठं झालं की कुठं जातं, हे म्हणीत सांगितलेलं नाही. सायकल स्टँडवर उभं राहून दुसरा भाग भिंतीआडून ऐकायचा, एवढंच आमच्या वाट्याला येतं. मामांना याची तक्रार नाही. पहिला भाग फुकटात आणि चारचार वेळा बघायला मिळाला, हे ते विसरलेले नाहीत.

आता ते त्याच जागेवर मंगल कार्यालयात वॉचमन आहेत. दार तेच आहे, फक्त त्याला तोरण लागतं. पुढच्या दारानं वऱ्हाड आत घ्यायचं, आणि मागच्या दाराला कडी ठेवायची, म्हणजे बिनआमंत्रणाचे जेवणारे शिरत नाहीत, असा मॅनेजरचा हुकूम. पण मंगलाष्टकं सुरू व्हायच्या सुमाराला मामा मागच्या दाराशी जातात आणि गुपचूप कडी काढून ठेवतात. मॅनेजरनं दोनदा पकडलं. मामांचं म्हणणं एवढंच, की पाच पाच वेळा ‘सावधान’ म्हणायचं आणि दार बंद ठेवायचं, ही दगाबाजी झाली. चारशे वर्षांत दुसरा कुणी पळाला नसेल तर आधी दारं तपासली पाहिजेत.

गेल्या वैशाखात मी तिथं जेवायला होतो. अंतरपाट धरायला थोडा अवकाश होता आणि नवरदेव एकटाच, मुंडावळ्या सावरत, घाईघाईनं मागच्या दाराकडं आला. मामा ताडकन उठले. कडी काढली, भर दुपारी बॅटरी त्याच्या पायाशी मारली आणि दबक्या आवाजात म्हणाले, “जा, मोकळं हाय. उजव्या अंगाला गल्ली. तिथून सरळ स्टँड. नाशिकची गाडी लागलेली आसंल.”

नवरदेवानं मामांकडं पाहिलं. दाराबाहेर वाकून गुटख्याची एक सणसणीत पिचकारी मारली, शेरवानीच्या बाहीला तोंड पुसलं आणि म्हणाला, “मामा, डीजेवाल्याला जरा आवाज वाढवायला सांगा.”

मामांनी बॅटरी विझवली, कडी घातली आणि माझ्याशेजारी येऊन बसले.

“काय झालं?” मी विचारलं.

“काय न्हाई. सेन्सॉरच्या सर्टिफिकीटालाच रीळ तुटलं.”